मीटलोफ कापायला गेलं की भुगा होतो. काय चुकतंय? आणि तुम्ही कसा करता?

ओव्हनशी_अबोला

मंडळी, मदत हवीय. मीटलोफ (खिम्याचा पावाच्या आकाराचा भाजलेला ठोकळा) तीनदा केला आणि तिन्ही वेळा तोंडावर पडले. पहिल्यांदा सुरी लावली आणि ताटात नुसता भुगा. दुसऱ्यांदा एक अंडं जास्त घातलं तर कापला गेला पण इतका कोरडा की घास गिळायला पाणी लागलं. तिसऱ्यांदा म्हटलं नीट एकजीव करावा, म्हणून दहा मिनिटं मळला, तर रबर झाला, टेबलावर टाकला असता तर टप्पा पडला असता.

माझी पाककृती (पाकृ) सांगते. बीफचा खिमा ५०० ग्रॅम, अगदी कमी चरबीचा (पाकिटावर ५ टक्के लिहिलेलं असतं तो, तब्येतीला बरा म्हणून), एक मोठा कांदा चिरून, अंडं, मीठ, मिरी, लसूण. लोफ टिनमध्ये दाबून भरायचं, वरून केचप, १८० डिग्रीला दीड तास. बाहेर काढला की लगेच कापते कारण तोवर सगळे ताटं घेऊन बसलेले असतात.

तुम्ही कसा करता ते सविस्तर लिहा. ओव्हन, बिनओव्हन, कुठलाही प्रकार चालेल.

उगाच_एक

भुगा झाला की त्याला खिमा म्हणायचं आणि वाढायचं. सुरुवातीला तोच तर होता.

चिमूटभर_मीठ

हसून हसून पुरेवाट. पण दीड तास?? ५०० ग्रॅमला?? अगं त्यात अख्खं कोंबडं भाजून होईल.

रविवारचा_आचारी

ताई, तुमच्या पाकृत एक गोष्ट नाहीच आहे आणि सगळं घोडं तिथेच अडलंय. दुधात भिजवलेला ब्रेड.

मी पंधरा-सोळा वर्षं करतोय, पहिली चार वर्षं तुमच्यासारखीच भुग्यात गेली. ब्रेड घालतात तो खिमा पुरवायला असं मला वाटायचं. पुरवठ्याला येतो हे खरंच आहे, अमेरिकेत १९३० च्या दशकातल्या मंदीत घरोघरी मीटलोफ व्हायचा तो त्यासाठीच, थोड्या मांसात जास्त माणसं जेवायची. पण पैसे असले तरी ब्रेड घालायचाच. मांस तापलं की त्यातली प्रथिनं आवळतात, एकमेकांना घट्ट धरतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. ओला कपडा पिळल्यासारखं. दुधात भिजून लगदा झालेला ब्रेड मध्येमध्ये असला की त्या प्रथिनांना एकमेकांना तेवढं घट्ट धरता येत नाही, आणि ब्रेडमधला स्टार्च दूध आणि रस धरून ठेवतो. फ्रेंच लोक या लगद्याला पनाद म्हणतात.

माझं प्रमाण असं. ५०० ग्रॅम खिम्याला पांढऱ्या ब्रेडचे दोन स्लाइस, कडा काढायची गरज नाही, ८०-१०० मिली दूध. दहा मिनिटं भिजू द्यायचं, मग काट्याने चेचून गुळगुळीत करायचं, ब्रेडचा तुकडा दिसता कामा नये. त्यातच अंडं, मीठ (सपाट एक चमचा, सॉस घालणार असाल तर थोडं कमी), मिरी, मोहरीचा सॉस अर्धा चमचा, वूस्टर सॉस एक चमचा, सगळं फेटून घ्यायचं. खिमा सगळ्यात शेवटी. यामागे कारण आहे. मसाला आधीच एकजीव झालेला असतो त्यामुळे खिम्याला फार हात लावावा लागत नाही. बोटं पसरून, चिमटे काढल्यासारखं, दीड-दोन मिनिटं. कणीक तिंबायची नाही!! तुमचा तिसरा लोफ रबर झाला तो तिंबल्यामुळे. मीठ घालून खिमा रगडला की त्यातली चिकट प्रथिनं सुटतात आणि जाळं बनतं, सॉसेज करताना तेच हवं असतं, इथे नको.

आणि ५ टक्के चरबी विसरा. २० टक्के घ्या. तब्येतीचं म्हणत असाल तर एक स्लाइस कमी खा.

हाडाचा_मांसाहारी

सुरू झाली ब्रेडची भेसळ. मीटलोफमध्ये मीट असावं. ब्रेड खायचा असेल तर सँडविच करा. चांगला खिमा, मीठ, मिरी, आणि आगीवर विश्वास. बाकी सगळी लबाडी.

उगाच_एक

दादा, त्या नावात लोफ पण आहे. लोफ म्हणजे पाव.

हाडाचा_मांसाहारी

आकारावरून नाव आहे ते. हलके घ्या.

काटेकोर

वेळेवर स्वयंपाक करणाऱ्यांनी हात वर करा आणि मग ते हात खाली घेऊन एक थर्मामीटर विकत घ्या.

धागाकर्तीच्या लोफचं खरं दुखणं दीड तास हे आहे. लोफ किती जाड, खिमा फ्रीजमधून काढून किती वेळ झाला, टिन काचेचं का पत्र्याचं, ओव्हनची डायल खोटं बोलते का (बहुतेकांची बोलते), या सगळ्यावर वेळ बदलते. आकडा मात्र एकच. बीफ, पोर्क, मटणाचा लोफ मध्यभागी ७१ डिग्री सेल्सिअस झाला पाहिजे, चिकन किंवा टर्कीचा ७४. सुई मधोमध खुपसायची, तळाला टेकवायची नाही. ५०० ग्रॅमचा लोफ १८० ला साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत तिथे पोचतो. एक किलोच्या आसपासचा असेल तर तास, सव्वा तास. तुम्ही दीड तास ठेवला म्हणजे तो आत ९० च्या पुढे गेला असणार. एवढ्यावर पनादचा बापही वाचवू शकत नाही.

कोणी म्हणेल स्टेक तर लोक लालसर खातात, मग लोफ का नाही. तर स्टेकवर जंतू असतात ते बाहेरच्या पृष्ठभागावर, तो भाजला की काम झालं. खिमा करताना बाहेरचं सगळं आत जातं. म्हणून आतपर्यंत शिजलाच पाहिजे.

चिमूटभर_मीठ

काटेकोर +१. आता माझे दोन शब्द, जे नेहमीप्रमाणे दोन राहणार नाहीत.

टिन सोडा. लोफ टिनमध्ये चारी बाजूंनी मांस आपल्याच चरबीत आणि पाण्यात उकडत बसतं, फक्त वरचा भाग भाजला जातो. मी साध्या बेकिंग ट्रेवर बटर पेपर घालून हाताने ठोकळा करते, साधारण वीस सेंमी लांब, दहा-अकरा सेंमी रुंद, उंची पाच-सहा. तीन बाजू खरपूस होतात, चरबी वाहून जाते, आणि ग्लेझ (वरून लावायचा केचपचा चकचकीत थर) बाजूंनाही लावता येतं. आकार नीट येत नसेल तर टिनला आतून क्लिंग फिल्म लावून त्यात मिश्रण हलकंच भरायचं, मग ट्रेवर उपडं करून टिन आणि फिल्म दोन्ही काढून टाकायचं. (फिल्म काढायची हे मुद्दाम लिहितेय. विचारू नका.)

दुसरं, कांदा. कच्चा मोठा चिरलेला कांदा म्हणजे लोफमध्ये पेरलेले सुरुंग. शिजताना तो पाणी सोडतो, आक्रसतो, त्याच्याभोवती पोकळी होते आणि सुरी तिथेच भेगाळते. बारीक चिरून बटरवर मऊ होईस्तोवर परता, त्यातच लसूण, हवं तर सेलरी आणि गाजर किसून. आणि पूर्ण गार झाल्यावर खिम्यात घाला. गरम घातलात तर चरबी तिथेच वितळायला लागते आणि अंडं अर्धवट शिजतं.

तिसरं. बाहेर काढल्यावर, कापायच्या आधी दहा ते पंधरा मिनिटं थांबा!!! ताटं घेऊन बसलेल्यांना बसू दे.

हाडाचा_मांसाहारी

मी टिनमध्येच करतो आणि मला तो मऊ पोत आवडतो. सगळ्याला खरपूस कशाला पाहिजे. शिवाय दुसऱ्या दिवशी सँडविचसाठी चौकोनी स्लाइस टिनवाल्याचेच पडतात, ट्रेवाला लोफ बसका होतो, पालथ्या होडीसारखा.

चिमूटभर_मीठ

सँडविच? ब्रेडसकट?

हाडाचा_मांसाहारी

ब्रेड बाहेर असला की चालतो. आत नको.

आळशी_आत्या

एवढं सगळं वाचून दमले बाई. मी मफिनच्या ट्रेत करते. तेच मिश्रण, बारा खळगे, तेलाचं बोट फिरवायचं, वरून ग्लेझ, १९० ला वीस-बावीस मिनिटं. कापायचं नाही म्हणून भुगा व्हायचा प्रश्न नाही, थांबायचं पण पाचच मिनिटं. प्रत्येकाला त्याचा त्याचा, कडेच्या स्लाइससाठी भांडणं नाहीत. उरले तर गार करून एकेक सुटा डीपफ्रीजमध्ये. बटाट्याचं मॅश वर पिळून केकसारखं सजवलं की लहान मुलं आणि काही मोठी मुलंही खूश. मात्र गोड समजून घास घेतलेल्या पाहुण्याचा चेहरा एकदा पाहिलाय, तेव्हापासून आधी सांगते.

वाचनमात्र

पहिल्यांदाच प्रतिसाद देतोय, सांभाळून घ्या. मी थर्मामीटर लावून ७२ ला काढला होता, वीस मिनिटं थांबून कापला, तरी मध्ये गुलाबी. सगळ्यांनी नाकं मुरडली आणि मी परत ओव्हनमध्ये घातला, मग अर्थातच वाळवंट. थर्मामीटर खराब होता का?

काटेकोर

वाचनमात्र, आधी थर्मामीटर तपासा. ग्लासभर बर्फात थोडं पाणी घाला, ढवळा, सुई बुडवा, शून्य दाखवायला पाहिजे. दाखवला तर तो बरोबर आणि नाकं मुरडणारे चूक. मीटलोफ पूर्ण शिजूनही गुलाबी राहू शकतो. कांदा, सेलरी वगैरे भाज्यांमध्ये नैसर्गिक नायट्रेट असतात, त्यातून मांसाचा गुलाबी रंग पक्का होतो, हॅम गुलाबी असतं त्यातलाच प्रकार. उलट काही खिमा कच्चा असतानाच तपकिरी होतो. थोडक्यात डोळ्यांवर जाऊ नका, सुईवर जा.

वाचनमात्र

बर्फात ०.५ दाखवतोय. म्हणजे मीच बरोबर होतो. हा प्रतिसाद छापून फ्रीजवर लावणार आहे.

भटकी_जीभ

थोडं अवांतर करू का? करतेच. मीटलोफ म्हणजे केचपवाला अमेरिकन ठोकळा एवढंच नाही, खिम्याचा लांबुडका गोळा करून शिजवायचं वेड बऱ्याच देशांना आहे.

जर्मन लोक त्याच्या पोटात अख्खी उकडलेली अंडी रांगेने घालतात आणि त्याला फाल्शर हाझं म्हणतात, म्हणजे खोटा ससा. स्लाइस कापला की मधोमध पिवळा-पांढरा डोळा. डॅनिश लोकांचाही खोटा ससाच, पण तो वरून बेकन पांघरतो. इटलीत पोलपेत्तोने, त्यात पार्मेजान चीज, कधी पोटात हॅम आणि वितळणारं चीज. फिलिपिन्समध्ये एम्बुतीदो, पोर्कचा खिमा, गाजर, बेदाणे, मध्ये अंडी आणि सॉसेज, फॉइलमध्ये गुंडाळी करून वाफवायचा. ओव्हन लागतच नाही! व्हिएतनाममध्ये पोर्क, अंडी, काचेसारख्या पारदर्शक शेवया आणि काळे मशरूम एकत्र वाफवतात आणि शेवटी वरती बलकाचा थर देऊन परत वाफ, सुंदर पिवळंधमक दिसतं. दक्षिण आफ्रिकेतली बोबोटी कापायचा ठोकळा नसून डिशमधला प्रकार आहे, करी पावडर आणि सुका मेवा घातलेला खिमा, वर दूध-अंड्याचं कस्टर्ड आणि तमालपत्र खोचलेलं. आणि गंमत बघा, बोबोटीतसुद्धा दुधात भिजवलेला ब्रेड आहे. पोलपेत्तोनेतही आहे. हाडाच्या मांसाहारींनी नोंद घ्यावी.

अंडी पोटात घालायची असतील तर एक सूचना, ती आधी मैद्यात घोळवून घ्या, नाहीतर कापताना अंडं एकीकडे आणि लोफ एकीकडे. आणि नऊ मिनिटंच उकडा, परत भाजली जाणारच आहेत, जास्त झाली तर बलकाभोवती हिरवं कडं येतं.

हाडाचा_मांसाहारी

नोंद घेतली. सगळं जग भेसळ करतंय याचा अर्थ भेसळ बरोबर असा होत नाही.

रविवारचा_आचारी

बरं, एक प्रयोग करा मग. एकाच खिम्याचे दोन छोटे लोफ, प्रत्येकी २५० ग्रॅम. एकात तुमचं मीठ-मिरी, दुसऱ्यात एक स्लाइस आणि ४०-५० मिली दूध. शेजारी शेजारी एकाच ट्रेवर, दोन्ही ७१ ला बाहेर. आणि ट्रेत कोणाच्या खाली किती पाणी साचलंय तेवढं बघून इथे लिहा. चव नंतर बघू.

हाडाचा_मांसाहारी

वेळ मिळाला की करतो.

उगाच_एक

भाषांतर: करणार नाही.

पालेभाजी_पक्ष

मी मीट खात नाही तरी हा धागा पहिल्यापासून वाचतेय, काय करणार. तुमच्या घरात माझ्यासारखं कोणी असेल तर मसुराचा लोफ करा. एक कप अख्खे मसूर शिजवून निथळून घ्या, पण निथळून म्हणजे खरंच कोरडे. अर्धे चेचायचे, अर्धे तसेच. मशरूम बारीक चिरून पाणी पूर्ण आटेपर्यंत परतायचे, भाजलेले अक्रोड भरड कुटून, ओट्स पाऊण कप, परतलेला कांदा, टोमॅटो पेस्ट, सोया सॉस. बांधायला अंडं, नको असेल तर जवसाची पूड एक मोठा चमचा तीन चमचे पाण्यात भिजवून. हा मात्र टिनमध्येच करा, ट्रेवर ठेवलात तर पसरून पोळी होईल. १८० ला पन्नास मिनिटं आणि नंतर अर्धा तास हात लावायचा नाही, गरम कापलात तर धागाकर्तीचा भुगा काहीच नाही असा भुगा होतो.

चिमूटभर_मीठ

ओट्सवरून आठवलं. मांसाच्या लोफमध्येही ब्रेडऐवजी ओट्स चालतात, ५०० ग्रॅमला मूठभर, पण तेही दुधात भिजवून. कुटलेली खारी बिस्किटंही घालतात, मग मीठ कमी करा, मी नव्हतं केलं.

आणि मशरूम पण मांसवाल्यात घाला. किसून किंवा एकदम बारीक चिरून, परतून. ओलावा धरतात आणि चवीला मांसाहून मांस लागतात.

विनाओव्हन

ओव्हन नसलेल्यांची बाजू मांडतो. जाड बुडाच्या पॅनमध्ये उत्तम होतो. ५०० ग्रॅमचे दोन चपटे लोफ करायचे (एकच मोठा केला तर बाहेरून जळतो आणि आत कच्चा, अनुभव आहे). थोड्या तेलावर वरून खालून खरपूस करून घ्यायचे, उलटताना दोन उलथणी वापरा. मग अर्धी वाटी स्टॉक, घट्ट झाकण, एकदम मंद आच, पंचवीस ते तीस मिनिटं. खाली जो रस उरतो त्यात चमचाभर मैदा परतून ग्रेव्ही होते आणि ती ग्रेव्ही केचपच्या ग्लेझच्या तोंडात मारते.

भटकीताईंचा वाफेचा प्रकार पण केलाय. फॉइलमध्ये घट्ट गुंडाळी, टोकं टॉफीसारखी पिळायची, पाऊण तास वाफ. ओला राहतो यात शंका नाही पण रंग फिकट, आजारी माणसासारखा. म्हणून गार झाल्यावर स्लाइस करून बटरवर परततो. तोच त्याचा खरा जन्म.

आळशी_आत्या

केचपच्या ग्लेझबद्दल वाईट बोलू नये, पाप लागतं.

काटेकोर

ग्लेझ चांगलं आहे, लावायची वेळ चुकते. लोक सुरुवातीलाच थापतात, मग साखर जळते किंवा लोफच्या पाण्यात पातळ होऊन वाहून जाते. अर्धा कप केचप, दोन चमचे ब्राउन शुगर, एक चमचा व्हिनेगर, थोडी मोहरी. लोफ साठ डिग्रीला आला की पहिला हात, पाच-सात मिनिटांनी दुसरा. शेवटी दोन मिनिटं वरचा ग्रिल चालू करून समोर उभं राहायचं. समोर म्हणजे समोर, फोन न बघता. व्हिनेगर वगळू नका, नाहीतर नुसता जॅम लागतो.

वाचनमात्र

टर्कीचा लोफ कोणी करतं का? आमच्याकडे आता बीफ बंद केलंय डॉक्टरांनी. कोरडा होतो म्हणे.

रविवारचा_आचारी

होतो, कारण छातीच्या मांसात चरबीच नसते. मांडीच्या मांसाचा खिमा मिळाला तर अर्धी लढाई जिंकली. ब्रेड-दूध थोडं वाढवा, परतलेले मशरूम घाला, किंवा झुकिनी किसून मीठ लावून चांगली पिळून घाला, आणि ७४ च्या पुढे एक डिग्री जाऊ देऊ नका. अजून एक युक्ती, बिनचवीचं जिलेटिन एक छोटा चमचा थोड्या गार पाण्यात फुलवून मिश्रणात घालायचं. पूर्वापार मीटलोफमध्ये बीफ आणि पोर्कच्या जोडीला वासराचं मांस असायचं, त्यातलं जिलेटिन तोंडात तो गुळगुळीतपणा द्यायचं. आता वासराचं कोणी फारसं घालत नाही तर हे पाकिटातलं ते काम करतं.

आणि सगळ्यांनाच, लोफ भरायच्या आधी मिश्रणाची एक चपटी टिक्की तव्यावर भाजून चाखा. कच्चा खिमा चाखता येत नाही, आणि मीठ कमी पडलं हे कळायला तासभर थांबणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

उगाच_एक

मी टिक्की चाखतो. मग दुसरी चाखतो. मग लोफ आपोआप लहान होतो आणि चाळीस मिनिटांच्या आधी शिजतो. आहे की नाही शास्त्र.

ओव्हनशी_अबोला

आले परत. धागा इतका वाढेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना दंडवत.

शनिवारी चौथा प्रयत्न केला. २० टक्के चरबीचा खिमा, दोन स्लाइस ब्रेड, दूध, कांदा परतून गार करून. थर्मामीटर आणला. टिक्की चाखली, मीठ खरंच कमी होतं. ट्रेवर ठोकळा केला, फारच बसका झाला, ४३ मिनिटांत ७१. ग्लेझ दोनदा. ग्रिलसमोर उभी राहिले, फोन आतल्या खोलीत ठेवून.

मग पंधरा मिनिटं थांबायचं होतं. बारा थांबले. घरात जवळजवळ बंड झालं होतं. पण कापला, आणि स्लाइस उभा राहिला! म्हणजे ताटात उभा! ओला, मऊ, आणि कड कुरकुरीत. मुलगा म्हणाला हा कुठून मागवला. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

एक खोट राहिली, वरच्या बाजूला मधोमध लांब भेग पडली. ग्लेझने झाकली म्हणून कळलं नाही. ती का पडते?

चिमूटभर_मीठ

अभिनंदन!! फोटो कुठाय? फोटो नाही तर लोफ झालाच नाही असं धरण्यात येईल.

भेग पडते कारण बाहेरचा थर आधी आवळतो आणि आतलं अजून फुगत असतं. हात ओला करून वरून गुळगुळीत करून घ्यायचा, सुरकुत्या-चिरा बुजवायच्या, आणि मध्ये बोटाने उथळ खाच दाबायची लांबीभर. खाच भरून येते आणि वर सपाट राहतो. ओव्हन फार तापट असेल तर दहा डिग्री कमी करा.

ओव्हनशी_अबोला

फोटो काढायला फोन आतल्या खोलीत होता ना. आणायला गेले तोवर दोन स्लाइस उरले होते आणि ते फोटोजेनिक नव्हते.

उरलेले किती दिवस टिकतात?

काटेकोर

शिजल्यावर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, तिथे तीन ते चार दिवस. स्लाइस करून फॉइलमध्ये बांधून डीपफ्रीजमध्ये तीनेक महिने चव चांगली राहते. गरम करताना अख्खा ओव्हनमध्ये परत घालू नका. स्लाइस, झाकण, चमचाभर पाणी, मंद आच.

विनाओव्हन

किंवा बटरवर परतून. मी आधीच म्हटलंय, खरा जन्म.

आळशी_आत्या

किंवा फ्रीजचं दार उघडं ठेवून, उभ्याउभ्या, गार, रात्री अकराला. दिवा लावायचा नाही.

हाडाचा_मांसाहारी

रविवारचे आचारी, प्रयोग केला. दोन लोफ, २५०-२५०, एकच ट्रे. भेसळवाल्याखाली पाण्याचा जेमतेम पट्टा. माझ्या खाली तळं. आकाराने पण माझा जास्त आक्रसला, शेजारी ठेवल्यावर लपवता येईना. चवीला मात्र माझाच मांसल होता हे बायकोनेसुद्धा मान्य केलं. तिने खाल्ला दुसरा, ते वेगळं.

तरी मी आत ब्रेड घालणार नाही. कालपासून टिनच्या तळाशी दोन स्लाइस आडवे ठेवतोय, वर लोफ. सगळी चरबी आणि रस ते शोषून घेतात, लोफ तळ्यात बसत नाही आणि मांस शुद्ध राहतं.

रविवारचा_आचारी

उत्तम उपाय आहे, जुनाच आहे. आणि मग त्या स्लाइसचं काय करता? फेकता?

हाडाचा_मांसाहारी

खाल्ले.

उगाच_एक

किती?

हाडाचा_मांसाहारी

दोन्ही. लोफच्या आधी.